दोन्ही वाट्यांत पेढा

आमच्याकडे डोहाळजेवण एकदाच होतं, पहिलटकरणीचं. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात जवळच्या बायका येऊन ओटी भरतात, चहा-पोहे होतात आणि जो तो आपल्या कामाला लागतो. बेळगावात, खानापूरकडे आणि निपाणी-चिकोडी भागातल्या आमच्या सगळ्या सोयरिकींत मी हेच पाहत आलोय. त्यामुळे बहिणीने सांगितलं, "अण्णा, निपाणीला डोहाळजेवण हाय, हॉल घेतलाय म्हणं," तेव्हा मी विचारलं, "कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? आमच्या पोरीचं."

"तिची ही दुसरी खेप."

"ते त्यास्नी सांगायला मी कोण? करत्यात तर जायचं."

माझी बहीण माझ्याहून लहान. तिची मुलगी कॉलेजात असतानाच तिचे यजमान गेले. तेव्हापासून ती बेळगावातल्या अनगोळात आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. भाचीचं लग्न निपाणीतल्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या घरात झालं तेव्हा वडिलांच्या जागी मी उभा राहिलो आणि पुढेही मामाने जे करायचं ते करत आलो. माझं काम सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्याचं. त्या कामाने एक खोड लागते. जे नेहमीसारखं नाही ते आधी डोळ्यांत भरतं.

"हौस असंल त्यांची," माझी बायको म्हणाली. "तुम्ही काय तिथंबी ऑडिट करायला निघालाय?"

हौसच म्हणावी तर ती पहिल्या वेळी कुठे गेली होती? भाचीला सहा वर्षांची मुलगी आहे. तिच्या वेळी डोहाळजेवण सासरच्या घरीच, बाहेरच्या सोप्यात झालं होतं. मोजक्या बायका होत्या आणि फुलांचे दागिने आम्हीच बेळगावहून नेले होते. मग आता दुसऱ्या खेपेला हॉल, मांडव आणि एवढं आमंत्रण कशासाठी?

निपाणीला गेल्यावर त्या एका दुपारीत मला दोन गोष्टी कळल्या. भाचीच्या पोटातलं मूल हे मुलगाच असेल असं परदेशातल्या एका दवाखान्यात आधीच निवडून घेतलं होतं, ही एक. आणि तसाच आणखी एक मुलगा तिकडे गोठवून ठेवला आहे, त्याच्यासाठी वर्षा-दीड वर्षाने तिला पुन्हा तिथे नेणार आहेत, ही दुसरी. पहिली होऊन गेली होती. दुसरी तिच्या इच्छेविरुद्ध होऊ नये, एवढंच आमच्या हातात होतं. किंवा आहे असं मला त्या दिवशी वाटलं.

हॉल हायवेच्या बाजूला होता. झोपाळा झेंडूने मढवलेला. भाची हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद, हातात फुलांचं धनुष्य घेऊन बसलेली. कोल्हापूरकडच्या बायका, गडहिंग्लजकडच्या बायका, गल्लीतल्या बायका, सगळ्या नटून आलेल्या. पुरुष मागे खुर्च्यांवर, आपापल्या फोनमध्ये. मामाची साडी-चोळी द्यायची म्हणून मला पुढे बोलावलं, आणि तो विधी झाल्यावर मी तिथेच बाजूला उभा राहिलो. नाहीतर पुढचं मला दिसलंच नसतं.

वाट्यांचा खेळ सगळ्यांना माहीत आहे. दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. कुणी त्यावर खरंच विश्वास ठेवत नाही. दोन वाट्या, दोन शक्यता. निम्म्या वेळा खेळ बरोबर येतो, निम्म्या वेळा चुकतो, आणि चुकला तरी हसण्यावारी जातो. त्या खेळातलं सगळं सुख त्या न कळण्यात असतं.

विहीणबाईंनी चांदीच्या दोन वाट्या पुढे केल्या. बायका ओरडायला लागल्या.

"डाव्या हाताची घे गं."

"तिला काय शिकवताय? चालण्यावरनंच कळतंय, पोरगाच हाय."

"तुझं चालणं बघून तुझ्या सासूनं पोरगा सांगितलाता. झाल्या तीन पोरी."

भाचीने हसत उजवीकडची वाटी उघडली. पेढा. टाळ्या, शिट्ट्या, फोटो. तेवढ्यात तिची मुलगी गुडघ्यावर रांगत पुढे आली. तिला बर्फी फार आवडते. न निवडलेली वाटी आपल्याला मिळणार म्हणून ती कधीपासून टपून बसली होती. तिने दुसऱ्या वाटीवरचं झाकण काढलं आणि आत बघत राहिली.

"आज्जी, ह्यात पण पेढाच हाय."

जवळच्या बायका वाटीत वाकून बघायला लागल्या. लांबच्या अजून टाळ्या वाजवत होत्या.

"अगं, मिठाईवाल्यानं बर्फी वेळेवर दिलीच न्हाय," विहीणबाई म्हणाल्या.

घरात एक म्हातारी आहे, भाचीच्या सासऱ्यांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणतात. ऐंशीच्या घरातली, पण कान-डोळे शाबूत. ती म्हणाली, "मग खेळ कशाला मांडलासा?"

विहीणबाई वाट्या उचलायला लागल्या. मी भाचीकडे पाहिलं. ती हातातल्या धनुष्याची एक सुटलेली शेवंती परत खोचत होती. थोड्या वेळाने आम्ही जेवायला बसलो. ताटात मसालेभात होता, भरलं वांगं होतं, आणि कडेला बर्फीचे दोन-दोन तुकडे होते.

जेवणानंतर भाचीचे सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. पान लावलं. माणूस तसा मोकळा आणि त्या दिवशी फार खुशीत होता.

"खेळात काय अर्थ न्हाई पाव्हणं," ते म्हणाले. "आमचं काम पक्कं असतंय."

"म्हणजे सोनोग्राफी केली काय कुठं?"

"छ्या. इथं बंदी हाय. इथं असलं काय करायचं न्हाई, उगंच लफडं." त्यांनी आवाज खाली आणला. "आम्ही तिकडं जाऊन आलो. तिकडं चालतंय."

देशाचं नाव त्यांनी सांगितलं. मी लिहीत नाही, लिहिलं तर वाट दाखवल्यासारखं होईल. काही महिन्यांपूर्वी भाची आणि जावई परदेशी फिरायला गेले होते आणि समुद्राचे फोटो आम्हालाही आले होते. ते फिरणं नव्हतं. सासऱ्यांनी मला सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांना कुठे अडखळावंसं वाटलं नाही. बाईला इंजेक्शनं देतात, बीजं काढून घेतात, बाहेर फळवतात, चार-सहा दिवस वाढवतात, मग एकेकाची तपासणी करतात आणि पाहिजे ते पोटात ठेवतात.

"तंबाखूची पानं निवडतो की आम्ही, तसंच," ते म्हणाले. "पहिली प्रत वेगळी, दुसरी वेगळी. नऊ तयार झालते. त्यातनं दोन एकदम चांगले निघाले, दोन्ही पोरगे. एक ठेवला, एक तिकडं फ्रीजमध्ये हाय. पुढच्या वर्षी बघायचा."

"नवातले दोन. उरले सात."

"व्हय."

"सातांत मुली किती होत्या?"

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "आता ते कोण विचारतंय? त्यात खराबबी असत्यात."

"खराब किती आणि मुली किती?"

"तुम्ही लई हिशेबी माणूस हो," ते हसून म्हणाले.

हिशेबी आहेच. पण मला त्या दिवशी ज्याचा संताप आला तो आकड्याचा नव्हता. दवाखान्यातल्या बशीत जे असतं त्याला मूल म्हणावं की म्हणू नये हे ठरवणारा मी कोणी नाही. ज्यांना मूल होत नाही त्यांना याच औषधाने मूल होतं. शहापुरात माझ्या परिचयाच्या एका विणकराच्या घरी बारा वर्षांनी पाळणा हलला तो याच औषधाने, आणि मी त्या घरी जाऊन आनंदाने जेवून आलोय. संताप याचा होता की या माणसाने किती खराब आणि किती मुली हे विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच्या लेखी ते दोन एकाच खान्यात होते. आणि त्याची सहा वर्षांची नात तिथून दहा हात अंतरावर फुगा उडवत खेळत होती.

"पण आप्पा, पोरीला मूल होण्यात अडचण काय होती? पहिलं तर कसल्याही औषधाशिवाय झालं."

"अडचण न्हाई. बॅलन्स. तिथले डॉक्टर पण तेच म्हणत्यात, फॅमिली बॅलन्स. एक पोरगी हाय, एक पोरगा पाहिजे. एवढंच."

"मग आता बॅलन्स झाला. फ्रीजमधला कशाला?"

"असू दे की जोडी. एकाला एक."

"मग ती एक आणि ते दोन. बॅलन्स कुठं राहिला?"

ते पान थुंकायला उठले आणि परत येऊन बसले.

"एक मुलगा असलेलं कुणी मुलगी आणायला तिकडं गेलेलं तुमच्या ऐकण्यात आहे का? एक तरी?"

त्यांनी खरोखर विचार केला. सरळ माणूस आहे, खोटं बोलला नाही. "न्हाई," म्हणाले. मग थोडे सावरून बसले. "कायदा मोडला न्हाई आम्ही, पाव्हणं. आम्ही बॉर्डरची माणसं. पेट्रोल जिथं स्वस्त तिथं भरतो, पोरांना जिथं सोयीचं तिथं शिकवतो. कुठं काय चालतंय ते बघूनच चालतो. आणि एक सांगू? तुम्हाला पोरगा हाय. म्हणून तुम्हाला हे सुचतंय."

हे मला लागलं. मला एक मुलगा आणि एक मुलगी आहे, दोघंही आपसूक झालेली, आणि दोन्ही मुलीच झाल्या असत्या तर मी कसा वागलो असतो याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण म्हणून त्यांचं बोलणं खरं ठरत नाही. इथे आमच्या देशात हे का बंद केलं, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. बंदी म्हणजे त्यांच्या लेखी एक नाका, वळसा घातला की चुकतो. वळसा घालण्यात आमच्या भागातल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही. यात वळसा घालायला एका बाईचं शरीर लागतं, एवढाच फरक, आणि तो त्यांना दिसत नव्हता.

मी उठलो आणि भाचीला शोधलं. हॉलच्या मागच्या खोलीत तिची आई तिच्या अंगावरची फुलं उतरवत होती. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आप्पांनी सांगितलं ते खरं काय?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

"व्हय मामा," भाची म्हणाली.

"तुला पाहिजे होतं?"

"दुसरं पोर पाहिजे होतं मला. पोरगा का पोरगी त्याचं काय न्हवतं. पण असं नको होतं."

"मग?"

"न्हाई म्हटलं असतं तर घरात कोण माझ्याशी बोललं नसतं. त्यांनी बोलायचं सोडलं की तुम्हाला काय ठाऊक न्हाई मामा, लई दिवस सोडत्यात."

मग तिने जे सांगितलं ते तिच्या आईने उभ्या उभ्या ऐकलं. बीजं जास्त तयार व्हावीत म्हणून दिलेल्या इंजेक्शनांनी तिचं पोट फुगलं. आत पाणी साठलं. श्वास घेता येईना. परक्या देशात, भाषा न कळणाऱ्या नर्सांच्या हाताखाली, पोटात सुई घालून ते पाणी काढलं. समुद्राचे फोटो त्याच्या आधीचे. नंतरच्या दिवसांत तिला चालताही येत नव्हतं, आणि आम्ही इकडे त्या फोटोंखाली अंगठे पाठवत होतो.

"तवा मला का न्हाई कळवलंस गं?" बहीण म्हणाली.

"तू काय केली असतीस? रडली असतीस. मग मला तुझंबी बघायला लागलं असतं."

ती डोळे पुसत नव्हती की रडतही नव्हती. केसांतल्या पिना एकेक काढून तळहातावर ठेवत होती. "मामा, हे झालं ते झालं. हे पोर माझं हाय, कसं का आलं असंना. पण परत मी तिकडं जाणार न्हाई. आणि हितं राहिले तर मला नेत्यात. मला ठाऊक हाय. हितं माझ्या तोंडातनं ‘न्हाई’ निघत न्हाई. बाळंतपणाला मला बेळगावला न्या."

दुसरं बाळंतपण आमच्याकडे सासरी होतं. हाही रिवाजच. विहीणबाईंनी निपाणीतच दवाखाना ठरवून ठेवला होता. मी तिथे एकटा जाऊन न्या म्हटलं असतं तर पाव्हण्यांचं काय ऐकायचं म्हणून त्यांनी हसून सोडून दिलं असतं. म्हणून मी सगळ्यांच्या देखत बोलायचं ठरवलं. बायका निघण्याच्या तयारीत होत्या, ओटीचे नारळ पिशव्यांत जात होते.

"विहीणबाई, पोरीला आजच घेऊन जातो," मी जरा मोठ्याने म्हणालो.

"आज? अहो, बाळंतपण हितं ठरलंय. दुसरं हाय की."

"दुसऱ्याला डोहाळजेवण तरी कुठं असतं? तुम्ही केलंत, थाटात केलंत. पहिलटकरणीचा मान दिलात, तर पहिलटकरणीचं बाळंतपणही माहेरचं. निम्मा रिवाज ठेवून निम्मा सोडायचा कसा?"

त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा पुढे आले. "पाव्हणं, दवाखाना सांगून ठेवलाय."

"बेळगावात दवाखाने कमी आहेत व्हय?"

तेवढ्यात आक्का काठी टेकत उठली. "बरोबर बोलत्यात की ते. डोहाळजेवण झालं की पोर माहेरी जाती. मी गेलते, तुझी बायको गेलती. जेवण करून पोर ठेवून घेतलेली मी तरी बघितली न्हाई."

"आक्का, तुला ठाऊक न्हाई—" आप्पा म्हणाले.

"काय ठाऊक न्हाई मला?"

आप्पांनी टोपी काढली आणि परत घातली. का ठेवून घ्यायचं आहे ते एवढ्या लोकांत सांगायचं तर परदेशचं सगळंच सांगायला लागलं असतं. कोल्हापूरची एक बाई म्हणाली, "जाऊ द्या की, आईच्या हातचं खाईल चार महिने." दुसरी म्हणाली, "सासूलाबी जरा आराम." हसण्याची एक लाट उठली, आणि त्या लाटेत विहीणबाईंनी मान डोलावली.

त्याच संध्याकाळी भाची आणि तिची मुलगी आमच्या गाडीत बसली. जावई गाडीपर्यंत पिशवी घेऊन आला. शांत मुलगा आहे, वाईट नाही. पण वडिलांसमोर त्याचा आवाज फुटलेला मी ऐकलेला नाही. "फोन कर," एवढंच तो तिला म्हणाला. मुलीच्या शाळेचं पुढे बघू असं ठरलं, आणि जून आल्यावर घराजवळच्या एका शाळेने तिला काही महिन्यांपुरतं बसू दिलं.

भाचीच्या डोक्यात एक उपाय पक्का होता. बाळंतपणातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन करून घ्यायचं, म्हणजे पुन्हा मूल नको आणि पुन्हा ती वारीही नको. बेळगावच्या कॅम्प भागात एक जुन्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे बहिणीने आणि मी तिला नेलं तेव्हा तिने पहिल्याच भेटीत हे विचारलं. मी बाहेर बसायला निघालो तर ती म्हणाली, "मामा, बसा."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ऑपरेशननं नळ्या बंद होतात. त्यांना नळ्या लागतच नाहीत. तिकडं ठेवलेलं ते सरळ गर्भपिशवीत सोडतात. ऑपरेशन झालं तरी सोडतात."

इतके महिने तिने त्या एका दोरीला धरून ठेवलं होतं.

"मग बंद कशानं होतंय?"

"तू नाही म्हटलंस की. तुझ्या संमतीशिवाय कुणी हात लावू शकत नाही. तिथंही नाही."

घरी येताना ती म्हणाली, "म्हणजे शेवटी तोंडानंच बोलायला लागणार." बहीण म्हणाली, "मामा बोलेल की." भाची म्हणाली, "मामा बोलून काय उपयोग? मामाला काय नेणार हायत व्हय?" रिक्षात आम्ही तिघंही हसलो. हसलो खरं, पण मला तेव्हा कळलं की मी तिला फक्त जागा मिळवून दिली होती. बाकीचं तिचं तिलाच करायचं होतं.

मुलगा झाला. पावणेतीन किलोचा, भरपूर जावळ असलेला, रडायला खमका. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी विचारून निवडलं नव्हतं. त्याची बहीण त्याच्या मुठीत आपलं बोट घालून तासन्‌तास बसते आणि तो सोडत नाही.

सव्वा महिना झाल्यावर निपाणीहून आप्पा, विहीणबाई आणि जावई बाळ-बाळंतिणीला न्यायला आले. येताना झबली, टोपडी, सोन्याचं कडं. चहा झाला. बाळाला सगळ्यांनी मांडीवर घेतलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं, हेही मी लिहायला हवं. मग बाळ परत देताना ते सहज म्हणाले, "आता हा चालायला लागला की दुसऱ्याचं बघूया. तिकडं थांबून राहिलाय."

भाची दारात उभी होती. "आप्पा, मी जाणार न्हाई."

"कुठं?"

"तिकडं. परत जाणार न्हाई. मी सही करणार न्हाई."

विहीणबाई म्हणाल्या, "आत्ता कशाला गं हा विषय? घरी गेल्यावर बोलू की."

"घरी गेल्यावर मला बोलता येत न्हाई. म्हणून हितं बोलती."

आप्पा माझ्याकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंसा."

"तिचं पोट फुगलं तेव्हा मी तिथं नव्हतो, आप्पा," मी म्हणालो. "तिला शिकवणारं तिकडंच काहीतरी होतं."

भाचीने नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

तो खाली बघत होता. "बघू," म्हणाला.

"बघू न्हाई. ते तिकडं हाय तवर मी गाडीत बसत न्हाई."

मला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल. झाला नाही. आप्पांनी टोपी घातली, चपला घातल्या आणि ते गाडीत जाऊन बसले. विहीणबाई जाताना माझ्या बहिणीला म्हणाल्या, "पोरीला एवढं बोलायला शिकवू नये हो. संसार असतोय." माझ्या बहिणीने, जिने जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही, त्यांना म्हटलं, "संसारच करायला निघालीय ती." आणि आत जाऊन पुढचं दार लावून घेतलं.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. गल्लीत लोक विचारत होते, अजून कशी गेली न्हाई? निपाणीहून फोन येत नव्हता. भाची म्हणाली होती तसं त्यांनी बोलणं सोडलं होतं. भाची रोज मुलीला शाळेत सोडायची, बाळाला न्हाऊ घालायची आणि फोन टेबलावर पालथा ठेवायची. एकदा ती मला म्हणाली, "मामा, चुकलं काय हो माझं?" मी म्हणालो, "न्हाई."

एका रविवारी सकाळी जावई एकटा आला, मोटारसायकलवरून. मुलगी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. तो ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत बायकोला म्हणाला, "मी तिकडच्या दवाखान्याला कळवलं. ते ठेवू नका म्हणालो. तुझी पण संमती लागती, ती तू दे."

"देती," ती म्हणाली. "आप्पास्नी सांगितलंसा?"

"न्हाई अजून."

"मग ते सांगून या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. तो उठला, हेल्मेट घातलं आणि आला तसा परत निपाणीला गेला.

चार वाजून गेल्यावर तो पुन्हा आला, या वेळी घरची गाडी घेऊन. चेहरा उतरलेला, डोळे लाल. भाची बाळाला घेऊन पायरीवर उभी होती.

"सांगितलं," तो म्हणाला.

"काय म्हणाले?"

"काय बोलले न्हाईत. जेवले न्हाईत."

"उद्या जेवतील," ती म्हणाली. तिने बाळ त्याच्या हातात दिलं आणि बॅग भरायला आत गेली.